दोष ब्रेकचा की भाराचा?

(द्वितीय वर्ष, कला)

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वर्षातून अनेकदा एक बातमी येते. गावाचे नाव बदलते, मृतांचा आकडा बदलतो; पण बातमीतले एक वाक्य काही बदलत नाही. "ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा वाहनावरील ताबा सुटला." हे वाक्य आपण चहा पिता पिता वाचतो, 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. ब्रेक निकामी झाला म्हणजे जणू वीज पडली, पूर आला. त्याला कोण काय करणार?

मी मात्र हे वाक्य तसे वाचू शकत नाही. माझे वडील ट्रक चालवतात. गेली बावीस वर्षे त्यांच्या हाती स्टिअरिंग आहे आणि त्यांतली निम्मी वर्षे तरी बोरघाटाच्या चढउतारावर गेली आहेत. 'चालकाचा ताबा सुटला' ही ओळ वाचताना मला आधी त्या चालकाच्या घरची माणसे आठवतात. आणि मग मनात एक प्रश्न उभा राहतो, तोच या लेखात मांडायचा आहे. ब्रेक खरोखरच निकामी होतो, की तो निकामी केला जातो?

आपण पनवेलकरांना हा विषय परका वाटू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तो आपल्या कळंबोलीपासून सुरू होतो. पळस्प्याच्या फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि तेव्हापासून देशभरातला माल कंटेनरात बसून आपल्या उंबऱ्यावरून जाऊ लागला. कळंबोलीचा लोखंड बाजार आहे, आजूबाजूला दगडखाणी आहेत, खडीचे डंपर आहेत. सकाळी कॉलेजला येताना रस्ता ओलांडायला आपण जे पाच-दहा मिनिटे ताटकळतो, ते या साऱ्या भाराला वाट करून देण्यासाठीच. पण त्या भाराचे वजन किती आणि तो थांबवायचा झाला तर कशाच्या जोरावर थांबतो, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

आधी अलीकडच्या तीन-चार घटना आठवू या. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ एका सुटलेल्या मालवाहू गाडीने ४८ वाहनांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते, असे पहिल्या तपासात सांगण्यात आले. जुलै २०२३ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर उतारावरून सुटला आणि रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. जुलै २०२५ मध्ये आपल्याच घाटात, खोपोलीच्या वर आडोशीच्या बोगद्याजवळ, एका कंटेनरने वीसच्या आसपास गाड्या चिरडल्या आणि एका स्त्रीचा जीव गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तोच नवले पूल, आणि आगीत आठ बळी. जागा निरनिराळ्या, पण चारही ठिकाणी लांब उतार आहे आणि चारही ठिकाणी वाहन मालवाहू आहे. वीज कुठेही पडते. ब्रेक मात्र नेमके उतारावर आणि नेमके जड गाडीचेच कसे निकामी होतात?

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. पण नववी-दहावीच्या पुस्तकात जे होते तेवढे या प्रश्नाला पुरते. धावत्या वस्तूत ऊर्जा असते. ती वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. आणि ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते. गाडी थांबते म्हणजे काय होते? चाकातल्या लोखंडी ड्रमवर ब्रेकचे लायनर घासते आणि गाडीची सगळी धाव उष्णतेत बदलते. म्हणजे ब्रेक हा उष्णता गिळणारा आहे. त्याचे पोट केवढे आहे, हाच खरा प्रश्न.

दहा टायरच्या ट्रकचे मालासह कायदेशीर वजन, ज्याला आमच्याकडे 'पासिंग' म्हणतात, जुलै २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आले. असा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीला उतरतो तेव्हा तो सुमारे ५०० मीटर उंचीवरून खाली येतो. मी वहीत गणित मांडून पाहिले. या उतरणीत जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्या उष्णतेने आपल्या घरच्या नळाचे सुमारे पावणेपाचशे लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे, आणि वर आणखी एका पिंपाचा तिसरा हिस्सा! यातला काही भाग वारा घेतो, काही टायर घेतात, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा भाग इंजिन घेते. उरलेले सगळे त्या दहा चाकांमधल्या ड्रमांनी सोसायचे असते, तेही अर्ध्या-पाऊण तासात.

ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो. लायनर फार तापले की त्याची पकड सुटते. आता चालक पाय दाबतो, हवेचे प्रेशर पुरेसे असते, लायनर ड्रमला टेकतेही; पण धरत नाही. तव्यावरचे तेल जसे तापल्यावर पातळ होऊन पळते, तशी ती पकड पळते. गंमत अशी की (याला गंमत म्हणावे की नाही कोण जाणे) तोच ब्रेक तासाभराने थंड झाल्यावर पुन्हा नीट धरतो. त्याचे काहीच तुटलेले नसते. मग 'निकामी' काय झाले होते? ब्रेकने आपले काम शेवटपर्यंत केले होते. त्याला त्याच्या पोटापेक्षा अधिक गिळायला लावले होते.

कुणी म्हणेल, गाडी जड झाली की टायरही रस्त्याला अधिक घट्ट धरतात, मग भिण्याचे कारण काय? हे अर्धे खरे आहे. वजनाबरोबर रस्त्याची पकड वाढते. ब्रेकची ताकद मात्र वाढत नाही. ती कारखान्यात ठरलेली असते. पासिंगच्या मर्यादेपर्यंत ब्रेक पुरा पडेल अशीच गाडी बांधतात. त्यापुढे एक-एक पोते टाकत गेलो, की ब्रेक तेवढाच राहतो आणि धाव वाढत जाते. समजा २८.५ टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असताना पूर्ण ब्रेक दाबला आणि ती २८ मीटरांवर थांबली. तीच गाडी पाच टन जादा भरली, तर त्याच ब्रेकवर ती जवळजवळ ३३ मीटरांवर थांबेल. पाच मीटरांचा फरक! एका टोकाला उभे राहून पाहिले तर काहीच नाही. पण त्या पाच मीटरांत एक अख्खी मोटारगाडी मावते, तिच्यातल्या माणसांसकट. हा हिशेब सपाट रस्त्याचा आणि थंड ब्रेकचा. तापलेल्या ब्रेकला आणि उताराला असला हिशेबच उरत नाही.

हे पाच टन मी हवेतून आणलेले नाहीत. येथे मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी अण्णांनाच विचारले. ते म्हणाले, "लिही. पण मालकाचं नाव घालू नको. आणि मी देवमाणूस आहे असंही लिहू नको."

मागच्या वर्षी, मी प्रथम वर्षाला असताना, दिवाळीनंतर नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मी अण्णांच्याच ट्रकमधून परत येत होते. गाडीत बंदराला जाणारी साखर होती. गोदामावर पोती भरताना मी केबिनमध्ये बसून मोजत होते. पन्नास किलोचे एक पोते, वीस पोत्यांचा एक टन. पासिंगच्या हिशेबाने जेवढी बसायला हवीत त्याहून शंभर पोती जास्त चढली. अण्णा खाली उभे राहून मुकादमाशी बोलत होते. मग फोनवर मालकाशी बोलले. मग गप्प बसले आणि ताडपत्री ओढू लागले.

खंडाळा सोडले तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. अण्णांनी घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून हवेचा काटा पाहिला, खालचा गिअर टाकला आणि गाडी सोडली. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा नियम. तरीही अर्ध्या घाटात केबिनमध्ये एक वास आला. जळक्या रबराचा नव्हे. त्याहून उग्र, घशात बसणारा. अण्णा काही बोलले नाहीत. क्लीनर दरवाजा अर्धा उघडून चाकांकडे पाहू लागला आणि म्हणाला, "उस्ताद, धूर." अण्णांनी आणखी एक गिअर खाली घेतला. इंजिन ओरडू लागले. गाडी हळू होत होती, पण थांबत नव्हती. रस्त्याच्या रुंद जागेपर्यंतचे ते तीन-चारशे मीटर मी कधी विसरणार नाही. पुढे एक लाल एसटी चालली होती. तिच्या मागच्या काचेला डोके टेकून कुणीतरी झोपले होते.

गाडी थांबली. क्लीनरने उडी मारून चाकांना दगड लावले. चाकांतून पांढरा धूर येत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन उतरले, तर अण्णा ओरडले, "पाणी नको! ड्रम तडकतील." दीड तास आम्ही तिथे उभे होतो. त्या दीड तासात मालकाचा फोन तीनदा आला. माल वेळेत बंदरात पोचला पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे. पोचायला उशीर झाला म्हणून त्या खेपेच्या भत्त्यातून पैसे कापले गेले.

मी अण्णांना विचारले होते, "तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही म्हणालो असतो तर दुसरा घेऊन गेला असता. त्याला घाट माहीत असता नसता." आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "तुझ्या फीचा हप्ता पण होता."

मित्रहो, आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्या शंभर पोत्यांतली काही माझ्या नावावर होती, हे मला त्या रात्री कळले. म्हणून हा लेख मी कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. बोट दाखवायचे तर पहिले माझ्याकडेच वळते.

चालकांची बाजू घेताना त्यांच्या चुका झाकणे बरे नव्हे. अण्णांनाही ते आवडणार नाही. घाटात डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आहेत. काही जण तर इंजिनच बंद करतात. हे केवळ धोक्याचे नाही, वेडेपणाचे आहे. गिअर काढला की इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. इंजिन बंद केले की ब्रेकची हवा भरणारा पंपही थांबतो. चार-पाच वेळा पाय मारला की टाकी रिकामी. आणि वाचते काय? गाडी गिअरमध्ये असून पाय रेसवर नसेल, तर उतारावर आजचे इंजिन डिझेल घेतच नाही. चाकेच इंजिनाला फिरवत असतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचतच नाही! ही साधी गोष्ट चालकांना कुणी समजावून सांगितली आहे काय? अण्णा ट्रक चालवायला शिकले ते एका वयस्क उस्तादाच्या हाताखाली, क्लीनरकी करता करता. त्या उस्तादाला जेवढे माहीत होते तेवढे अण्णांना मिळाले. शिकलेल्या माणसांनी शिकवायला यावे, असे त्या बावीस वर्षांत फारसे घडले नाही. आणि ज्याचा पगार 'अॅव्हरेज'वर मोजला जातो, डिझेल जास्त लागले की ज्याच्या खिशातून कापले जाते, तो डिझेलचा थेंब वाचवायला पाहील यात नवल ते काय?

आता पैशाचा हिशेब पाहू. अर्थशास्त्राच्या तासाला सर एक संकल्पना शिकवतात: एखाद्या व्यवहाराचा फायदा दोघांना होतो, पण त्याचा खर्च तिसऱ्याच माणसाला सोसावा लागतो. मला वाटते, जादा भार हे याचे उत्तम उदाहरण आहे. भाडे टनावर ठरते, म्हणून प्रत्येक जादा टनाचा फायदा मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला. चालकाला खेपेचे पैसे मिळतात. पोती शंभर वाढली म्हणून त्याचा भत्ता वाढत नाही. धोका मात्र सगळा त्याचा, आणि समोरच्या एसटीत झोपलेल्या माणसाचा. रस्त्याचेही तेच. अभियंते सांगतात की आसावरचे वजन वाढले की रस्त्याची झीज जवळजवळ त्याच्या चौथ्या घाताने वाढते. वीस टक्के जादा भार म्हणजे दुप्पट झीज. ते खड्डे आपण भरतो, आपल्या करांतून.

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे नेऊ द्यायची नाही, असे ते कलम सांगते. आमच्या त्या खेपेला ३०,००० रुपये झाले असते. गाडी चालवणारा आणि ती चालवावयास लावणारा, दोघेही कायद्याने दोषी ठरतात. पण रस्त्यावर कायद्याच्या हाताला सापडतो तो चालक. चालवावयास लावणारा तेव्हा घरी झोपलेला असतो, आणि पोते चढवा म्हणणारा गोदामवाला तर चित्रातच नसतो.

याउलट एक गोष्ट पाहा. १ जुलै २०१६ पासून समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, खात्रीने केलेले वजन कळवल्याशिवाय निर्यातीचा कोणताही भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. कारण वजन चुकले तर जहाज कलंडते, रचलेले कंटेनर कोसळतात. आपल्या न्हावा-शेव्यालाही हाच नियम. जहाजाच्या जिवाची एवढी काळजी! मग तोच माल घाट उतरून बंदरापर्यंत येतो तेव्हा त्याच्या वजनाची चौकशी घाटाच्या माथ्यावर तितक्याच कडकपणे का होऊ नये? समुद्रावरच्या माणसाचा जीव आणि खोपोलीच्या वळणावरच्या माणसाचा जीव यांत फरक आहे काय?

आणि दूर कशाला जायचे? त्याच बोरघाटात दुसरा एक मार्ग आहे, रेल्वेचा. तो १८६३ साली सुरू झाला. ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ. हा मार्ग आखणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती: कधी ना कधी ब्रेक दगा देणार. म्हणून घाट उतरणाऱ्या मार्गावर ठिकठिकाणी एक जादा रूळ काढलेला असतो, तो चढावर जाऊन संपतो. सांधा एरवी त्या जादा रुळाकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी तिथे येऊन थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले, की मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. न थांबता आली तर ती आपोआप चढावर जाते आणि तिची धाव तिथे जिरते. ड्रायव्हर चांगला की वाईट, दारू प्यालेला की जागरणाने थकलेला, याची चर्चाच नाही. माणूस चुकेल हे गृहीत धरून त्याला वाचवण्याची सोय आधीच केलेली आहे.

रस्त्याने मात्र याच्या उलट गृहीत धरले आहे: चालक कधीही चुकणार नाही, मालक कधीही लोभ करणार नाही, लायनर कधीही झिजणार नाही. आणि यांतले काही घडलेच तर बातमीत लिहायचे, 'ताबा सुटला'. इंग्रजांनी १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्यालाही दोनशे वर्षे होत आली. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. ज्या धनगराने वाट दाखवली आणि त्यापायी जीव गमावला अशी आख्यायिका आहे, त्याचे ते देऊळ. जाता-येता चालक तिथे नाणे टाकतात. अण्णाही टाकतात. मला त्या श्रद्धेची थट्टा करायची नाही. पण रेल्वे सांध्याच्या भरवशावर उतरते आणि ट्रक नाण्याच्या, हे काही ठीक नव्हे.

मग करावे काय? मला सुचतात त्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. घाटाच्या माथ्यावर प्रत्येक जड गाडीला सक्तीचा थांबा असावा. तिथे वजनकाटा असावा, हवेचे प्रेशर आणि ड्रमचे तापमान पाहणारा माणूस असावा. जादा माल निघाला तर तो तिथेच उतरवण्यासाठी गोदाम असावे, आणि दंडाची पावती चालकाच्या नव्हे तर मालकाच्या आणि माल पाठवणाऱ्याच्या नावे फाटावी. तीव्र उतारांवर सैल खडीने भरलेले, चढावर जाणारे सुटका-मार्ग ठेवावेत. परदेशातल्या कित्येक घाटांत ते आहेत, सुटलेली गाडी त्या खडीत रुतून थांबते. खोपोली ते कुसगाव हा नवा 'मिसिंग लिंक' मार्ग घाटाचा अवघड भाग टाळण्यासाठीच आखला, हे चांगलेच. पण खंडाळ्याची उंची काही कमी होत नाही. खाली यायचे ते पाचशे मीटर रस्ता कुठूनही नेला तरी उतरावेच लागणार, आणि साखरेची ती शंभर पोती बोगद्यात हलकी होत नाहीत. शेवटची गोष्ट, चालकाला 'नाही' म्हणता आले पाहिजे. जादा माल नाकारल्याबद्दल कुणाची रोजी जाणार नाही, अशी हमी कायद्याने द्यावी. बाकीचे सारे उपाय एका पारड्यात घातले तरी मला हा एक जड वाटतो.

'हे व्यवहारी नाही, भाडे परवडणार नाही, महागाई वाढेल,' असे म्हणणारे भेटतील. त्यांना माझे एवढेच उत्तर आहे की आजही ती किंमत दिली जातच आहे. फक्त ती साखरेच्या भावात न दिसता बातमीच्या आकड्यात दिसते.

जुन्या गॅझेटियरमध्ये आपल्या पनवेलविषयी एक नोंद आहे. येथला मुख्य उद्योग बैलगाड्यांची चाके बनवण्याचा, आणि घाटावरून उतरणारे गाडीवान येथून चाकांची नवी जोडी घेऊन जात. मला ही नोंद फार आवडते. घाट उतरून आलेल्या गाडीचे चाक पाहणे, झिजले असेल तर बदलून देणे, हे आपल्या गावाचे जुने काम होते. आज चाके बदलली, गाड्या बदलल्या, गावाची महानगरपालिका झाली. ते काम मात्र आपण सोडून दिले.

आपण कला शाखेचे विद्यार्थी ब्रेक दुरुस्त करू शकत नाही. पण शब्द हे आपले क्षेत्र आहे. उद्या आपल्यातले कुणी वार्ताहर होतील, कुणी शिक्षक, कुणी सरकारी कचेरीत बसून अहवाल लिहितील. माझी त्यांना एकच विनंती आहे. 'ब्रेक निकामी झाला' असे लिहिण्यापूर्वी गाडीत किती टन माल होता, पासिंग किती टनांचे होते आणि तो कुणी भरला होता, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले तर तेही छापा.

अण्णा आजही त्याच मार्गावर आहेत, मालक मात्र दुसरा. घाट उतरून खोपोलीला आले की ते घरी एक मिस्ड कॉल देतात. बोलायचे काही नसते. दोन-तीन रिंग वाजून फोन बंद होतो, आणि आई दिवा मालवून झोपते.